एकशे चाळीस ठोके

"आता ह्या जाकिटाच्या शिवणीत सोडायला कापडच उरलं नाही," ओठांत टाचण्या धरून आई पुटपुटली. "गेल्या खेपेला शेवटचं अर्धं बोट सोडलं. आता माणूस तरी आवळा, नाहीतर जाकीट तरी नवं शिवा."

वरवर पाहता हे ती जाकिटाला ऐकवत होती. पण जाकिटाच्या आत तिची सून उभी होती, आणि तिच्या कानापासून आईचं तोंड वीतभरसुद्धा लांब नव्हतं.

"आई, पाठीत थोडी जागा ठेवा," सून म्हणाली. "श्वास घ्यायला पाहिजे ना."

"घे की. श्वासाला कुणी नको म्हटलंय? हात वर कर."

कोपऱ्यात वायरी गुंडाळत बसलेल्या धाकट्या दिराचा हात श्वास हा शब्द ऐकून जागच्या जागी थांबला. त्याने आईकडे पाहिलं. आईने त्याच्याकडे पाहिलं, आणि लगेच टाचणी टोचायला फार बारीक नजर लागते असा चेहरा करून खाली वाकली.

ह्या दिराला घरात आणि बाहेर सगळे ठोक्या म्हणत. लहानपणी ताटं, डबे, दारं, थोरल्या भावाची पाठ, हाताला लागेल ते वाजवायचा म्हणून पडलेलं नाव. वयाची शेहेचाळीस वर्षं झाली, कानांवरचे केस पांढरे झाले, लग्न करायचं राहून गेलं, नाव मात्र टिकलं. आणि त्याची वहिनी म्हणजे तडतडी. हे नाव पोस्टरवर छापलेलं होतं, त्यामुळे त्याला जरा वजन होतं. नाचाच्या गाण्यांवर रॅप करणारी बाई म्हणून एके काळी तिला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण होतं, आणि सापडलाच तर तो उगाच भाव खातोय असं लोक समजत.

सुरुवात झाली बसस्थानकावर. नवी नवरी म्हणून ती घरात आली तेव्हा गाड्या पुकारायची नोकरी करत होती. काचेच्या खोलीत बसून, समोर माईक घेऊन, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं. सकाळच्या गर्दीत पाच मिनिटांत वीस गाड्या सुटत, म्हणून ती इतक्या वेगाने बोलायची की उतारू आधी गाडीत बसत आणि मग त्यांना कळे आपल्याला काय ऐकू आलं. तेव्हा ठोक्या लाउडस्पीकर दुरुस्त करायचा. स्थानकावरचा एक कर्णा खरखरतोय म्हणून तो शिडीवर चढला, आणि वहिनीचा आवाज थेट त्याच्या कानात शिरला. कर्ण्याचं राहिलंच. शिडीवर बसल्या बसल्या त्याची बोटं पत्र्यावर ताल धरायला लागली, आणि वहिनी तालात होती. एक मात्रा इकडची तिकडे नाही.

त्याने ते टेपवर घेतलं, घरी आणलं, खाली दणदणीत ठेका घातला. जेवणं झाल्यावर सगळ्यांना ऐकवलं. थोरला भाऊ, म्हणजे तडतडीचा नवरा दादा, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. मितभाषी माणूस. तो म्हणाला, "ही घरीसुद्धा अशीच बोलते." आई म्हणाली, "आवाज वाढव. शेजारणीला ऐकू जात नाहीये."

त्यातून ते गाणं झालं.

*एक सुटली, दोन भरली, तीनच्या दारात चार अडली,*
*पाचचा चालक चहाला गेला, सहाची घंटी कानी पडली,*
*सात म्हणाली सरका जरा, आठ म्हणाली जागाच नाही,*
*नऊच्या मागे पळत सुटली, दहा नंबरला धीरच नाही.*

कागदावर ह्यात काही नाही, हे कबूल. पण मिनिटाला एकशे चाळीस ठोके आणि त्यांवर ही बाई, असं ऐकलं की बसलेला माणूस उठायचा आणि उठलेला उडायचा. शिवाय प्रत्येक आकड्याला एक घंटी होती. ती यंत्रात आधीपासून भरलेली नव्हती. ठोक्या एका छोट्या रबरी बटणावर बोट मारून ती प्रत्येक वेळी स्वतः वाजवायचा. तिचा आकडा आणि त्याची घंटी अशी चिकटून यायची की मध्ये पत्त्याचं पान घालायला जागा नसे.

मग काय, सहा-सात वर्षं नुसती धावपळ. नाचाचे हॉल, कॉलेजांची संमेलनं, रेडिओ, दोनदा विमानाने परदेश. आईने चंदेरी जाकीट शिवलं. तडतडीने आणखी गाणीही केली. लिफ्टवरचं पडलं, कारण लिफ्टमध्ये माणसं गप्प असतात आणि गाण्यात काय म्हणायचं हे तिलाच कळेना. दातांच्या दवाखान्यावरचं बरं चाललं. पण लोकांना पाहिजे ते गाड्यांचंच. वय वाढलं तसे कार्यक्रम कमी झाले, पण थांबले नाहीत. महिन्याकाठी एखादा असायचा, आणि चौघंही मोठ्या गाडीत डबे-बोचकी घेऊन लग्नाच्या वऱ्हाडासारखी निघायची.

आणि मग आठ वर्षांपूर्वी ती दुपार आली.

तडतडी न्यूमोनियातून नुकती उठली होती. तीन आठवडे अंथरुणात काढलेले. नको म्हणत असताना उघड्या मैदानावरचा कार्यक्रम तिने घेतला. गाण्यातल्या सहाच्या आकड्यापर्यंत ठीक गेलं. 'सात' म्हणायला तिने तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. ठेका चालू, लोक चालू, आणि ती माईक धरून उभी. तिने मान वळवून ठोक्याकडे पाहिलं. ते पाहणं ठोक्याला आठ वर्षांत एकही दिवस विसरता आलं नव्हतं. शिडीवरून पाय सुटलेल्या माणसाचे डोळे असतात तसे तिचे डोळे होते. पुढचं लोकांनीच म्हणून टाकलं, टाळ्या पडल्या, कुणाला काही वाटलं नाही. घरी येताना गाडीत सगळे हवेबद्दल बोलले.

पुढच्या कार्यक्रमाला ठोक्याने गुपचूप वेगाची कळ जराशी खाली सरकवली. एकशे चाळीसचे एकशे सदतीस. कुणाला कळणार? वहिनीने गाणं पार नेलं. खाली उतरताना ती हसली, त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणाली, "जमलं की नाही, भाऊजी?" त्याला रडूच आलं असतं.

पण थोड्या दिवसांनी त्याला ऐकू आलं की प्रत्येक आकड्यानंतर वहिनी एक बारीकशी फट ठेवतेय. पूर्वी पत्त्याचं पान जात नव्हतं तिथे आता हात शिरेल एवढी. दम लागतोय बिचारीला, असं म्हणून त्याने आणखी तीन कमी केले. फट आणखी वाढली. त्याने आणखी कमी केले. असं करत करत गाणं एकशे अठरावर येऊन ठेपलं होतं. लोक अजून यायचे, टाळ्याही वाजवायचे, पण आता बसून वाजवायचे. गाणं सुरू झालं की काही जण शांतपणे उठून सरबत आणायला जायचे. ठोक्या टेबलामागून ते बघायचा आणि पुन्हा बटणांकडे मान घालायचा.

हे त्याने एकट्या आईला सांगितलं होतं. आई जगातल्या कुठल्याही माणसाला कुठलीही गोष्ट तोंडावर सांगायची. सुनेला जाड म्हणायची, थोरल्याला मुखदुर्बळ म्हणायची, डॉक्टरला तुमचेच केस गळतात म्हणायची. पण हे ऐकून ती एवढंच म्हणाली, "तिला कळू देऊ नकोस." तेव्हापासून कार्यक्रम संपला की ती पिशव्या भरण्यात गढून जायची.

तर अशा सगळ्या व्यवस्थेत परवा एका नाचाच्या शाळेच्या बाईंचा फोन आला. गाण्याला पंचवीस वर्षं झाली, त्याबद्दल मोठ्या मैदानावर सोहळा. बाईंचे चारशे विद्यार्थी त्या गाण्यावर एकाच वेळी नाचणार, आणि समोर तडतडी स्वतः.

"आमचं नवं रूप आहे गाण्याचं," ठोक्या सावधपणे म्हणाला. "थोडं निवांत. ते पाठवतो."

"अहो, निवांत कसलं?" बाई म्हणाल्या. "तीन महिने पोरं मूळ रेकॉर्डवर घाम गाळतायत. आठशे पाय आहेत. आता हळू करा म्हटलं तर एकमेकांवर पडतील सगळी. त्यातला नुसता ठेका आमच्याच यंत्रावर लागेल. तुम्ही तेवढी तुमची घंटी वाजवा. गुरुवारी तालमीला येते."

मूळ रेकॉर्ड. एकशे चाळीस. आणि कळ बाईंच्या हातात.

ठोक्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. चारशे मुलं, हजारो माणसं, आणि त्यांच्यापुढे वहिनी 'सात'वर तोंड उघडून उभी, हे चित्र काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याने ठरवलं, काहीही करून हा कार्यक्रम मोडायचा. आणि वहिनीला मोडलंय असं वाटू न देता मोडायचा.

बुधवारी संध्याकाळी तो तिच्यापाशी गेला. ती इस्त्री करत होती.

"वहिनी, त्या सोहळ्याचं काही खरं नाही हं. ऊन असणार. धूळ असणार."

"असेल."

"आणि पोरांच्या शाळेचं काम. गोंधळ नुसता. नाही म्हटलं तर चालेल."

तडतडीने इस्त्री उभी केली आणि त्याच्याकडे फार मायेने पाहिलं. "भाऊजी, तुम्हाला झेपेल ना?"

"मला काय होतंय?"

"नाही, तसं काही नाही," ती घाईने म्हणाली. "स्टूल घेऊ आपण तुमच्यासाठी. पाठीचं. आणि तो रबरी चेंडू दाबताय ना रोज?"

गेल्या काही वर्षांत वहिनी वाढदिवसाला विचित्र भेटी द्यायला लागली होती. एकदा लोकरीचे हातमोजे, एकदा हात शेकायची पिशवी, यंदा हातात धरून दाबायचा चेंडू. दादाही आताशा यंत्राची जड पेटी त्याला उचलू देत नसे, न बोलता त्याच्या हातातून काढून घ्यायचा. वय झालं की माणसं प्रेमळ होतात, असं ठोक्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

"दाबतो," तो म्हणाला, आणि बोलायचं होतं ते गिळून परत फिरला.

तालीम गाद्यांच्या कारखान्याच्या गोदामात व्हायची. भिंतींना टेकवून छतापर्यंत गाद्या रचलेल्या असल्यामुळे आत कितीही दणदणाट केला तरी बाहेर फक्त कुणी उशी झोडपत असल्यासारखं ऐकू येई. गुरुवारी दुपारी बाई आल्या. बारीक, ताठ, पायांत दोन रंगांचे बूट. बरोबर सहा मुली आणि चाकांवरचा आपला स्पीकर. मुलींनी तडतडीला बघितलं आणि एकमेकींना कोपरं मारली. त्यांच्यातली एक धीर करून म्हणाली, "माझ्या आईने तुमच्या गाण्यावर नाचताना पाय मोडून घेतला होता." "बरा झाला का?" तडतडीने विचारलं. "झाला. परत तुमच्याच गाण्यावर नाचते."

आई गाद्यांच्या कमी उंचीच्या थप्पीवर बसून जाकिटाची बाही शिवत होती. दादाने पेटी ठेवली, स्टूल मांडलं, त्यावर उशी ठेवली. ठोक्या बाईंना बाजूला घेऊन अजून एकदा हळू आवाजात सुरू झाला, "बाई, पहिल्यांदा जरा कमी वेगात घेऊया, अंदाज येईल..."

"कशाला?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी बटण दाबलं.

पंचवीस वर्षांपूर्वीचा ठेका गोदामात घुसला. घुसला हाच शब्द बरोबर. गाद्यांवरची धूळ थरारली. ठोक्या टेबलाकडे धावला आणि सवयीने कळ शोधायला गेला. कळ नव्हतीच. त्याने वर पाहिलं. वहिनीने माईक उचलला होता, डोळे मिटले होते, आणि तिची टाच जमिनीवर ठोके मोजत होती. थांबा, असं ओरडावं म्हणून त्याने तोंड उघडलं.

"एक सुटली..."

त्याच्या बोटाने घंटी मारली. त्याने ठरवून मारली नव्हती. बोटच पुढे गेलं.

दोन. तीन. चार. वहिनीचा आवाज पंचविशीतल्या पोरीसारखा नव्हता, खाली उतरलेला होता, कडा जरा खरबरीत झाल्या होत्या. पण शब्द गोट्यांसारखे उडत होते. पाचचा चालक चहाला गेला. सहाची घंटी कानी पडली. ठोक्याने श्वास रोखला. त्याला वाटलं, आपला श्वास तिला देता आला तर बरं होईल.

सात आलं आणि गेलं. सरळ गेलं. आठ म्हणाली जागाच नाही, नऊ पळाली, दहा पळाली, फट नाही, धाप नाही, एकेक आकडा आणि एकेक घंटी, मध्ये पत्त्याचं पान जाणार नाही. सहा मुली नाचायचं सोडून किंचाळायला लागल्या होत्या. दादा, ज्याला कुणी कधी हलताना पाहिलं नव्हतं, तो चष्मा सांभाळत एका जागी उड्या मारत होता. दुसऱ्यांदा ध्रुपद आलं तेव्हा तडतडी ते म्हणत म्हणत चक्क एका गादीवर चढली आणि तिथून गाड्या पुकारल्या.

गाणं संपलं. गोदामात सगळ्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

ठोक्या आणि तडतडी एकमेकांकडे बघत राहिले. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच आश्चर्य होतं, आणि ते दोघांनाही कळेना.

"वहिनी," ठोक्या म्हणाला, "तुम्हाला येतं."

"मला न यायला काय झालं?" ती गादीवरून उतरत म्हणाली. "रोज सकाळी जिन्यावर म्हणते की. दोन मजले, एका दमात. पण तुम्ही कसं वाजवलंत? दहाच्या दहा घंट्या? तुमचा हात..."

"माझ्या हाताला काय झालंय?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. दादाने जमिनीकडे पाहिलं.

"त्या दुपारी," ती अडखळत म्हणाली, "मैदानावर. मी थांबले आणि तुमच्याकडे बघितलं, तर तुमचा हात नुसता थरथरत होता बटणावर. मी घाबरले. मग पुढच्याच वेळी तुम्ही गाणं हळू केलंत. मी काय समजायचं ते समजले. ह्यांना सांगितलं, ह्यांना शपथ घातली. म्हटलं, भाऊजींना लाज वाटेल, आपण बोलायचं नाही. तुमच्या घंटीला वेळ मिळावा म्हणून प्रत्येक आकड्यानंतर मी जरा थांबायला लागले."

"थांबायला?"

"हो. पण तुम्ही आणखीच हळू करत गेलात. मग मी आणखी थांबायला लागले. म्हटलं, हात फारच गेलेला दिसतोय."

ठोक्या पाठीच्या स्टुलावर, उशीवर, धपकन बसला. "वहिनी, तो हात तुम्हाला बघून थरथरत होता. तुमचा दम गेला म्हणून मी हळू केलं. तुम्ही थांबायला लागलात, मला वाटलं धाप लागतेय. म्हणून आणखी हळू केलं."

मग तडतडीचा खांदा हलला. ती हसत होती. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून, मग गादीवर बसून डोळे पुसत. ठोक्यालाही हसू फुटलं, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आठ वर्षांत पहिल्यांदा त्याने छाती भरून श्वास घेतला होता.

"म्हणजे हातमोजे..." तो म्हणाला.

"चांगल्या लोकरीचे होते," ती म्हणाली. "वाया नाही गेले."

"आणि ती पेटी," दादा पुटपुटला. "माझी कंबर गेली त्या पेटीने." आणि एवढं बोलल्याचं त्यालाच ओशाळं वाटलं.

नाचाच्या बाईंना ह्यातलं अर्धंच समजलं होतं. "म्हणजे मैदानावर ह्याच वेगात करायचं ना?" त्यांनी विचारलं.

"ह्याच," दोघं एकदम म्हणाले.

तडतडीने पाण्याची बाटली तोंडाला लावली, घोट घेतला, आणि मग काहीतरी आठवून थांबली. "पण काही म्हणा, हळू गाणंही वाईट नव्हतं होत. लोकांना आवडायचं ना? टाळ्या तर वाजवायचे."

ठोक्याने वायर गुंडाळायला घेतली, जी आधीच गुंडाळलेली होती. दादाने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला सुरुवात केली. आपल्याला कुणी विचारू नये म्हणून बाईंनी आपल्या बुटांची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. तडतडी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

आईने दोरा दाताने तोडला आणि सुई गळ्याजवळ लुगड्यात खोचली.

"कंटाळवाणं व्हायचं गं," ती म्हणाली. "आठ वर्षं झाली. मेलं अगदी कंटाळवाणं व्हायचं."